हिवाळ्याच्या वाटेवरची शिडे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही विषय निवडला आहे शिडाच्या नौकांचा. दरवर्षी हिवाळा तोंडाशी आला म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हजारो नौका उत्तरेकडची थंड बंदरे सोडून दक्षिणेच्या उबदार पाण्याकडे निघतात आणि वसंत ऋतूत परत फिरतात. विषय वरकरणी मौजेचा आहे. परंतु कोणत्याही मौजेच्या मागे हिंडत गेले की पाच-दहा पावलांवर श्रम भेटतात, हा आमचा अनुभव आहे. तेव्हा शेवटी आम्ही आमच्याच गावी येऊन पोहोचलो, तर आपण आश्चर्य मानू नये.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही मिळवले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि बंदरात काम करणाऱ्या माणसांच्या तोंडून. त्यामुळे हे विद्वानाचे भाषण नव्हे. नकाशा समोर ठेवून एका वाटेने चालत जायचे आणि वाटेवर कोण कोण भेटते ते पाहायचे, एवढाच आमचा बेत आहे.

हंगाम पाहून गलबत हलवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मिरग आला की आपल्या कोकणात होड्या वर ओढून झापांखाली शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटतात. आपला बंद हंगाम पावसाळ्यात आणि खुला हंगाम हिवाळ्यात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे गणित दुहेरी आहे. उत्तरेकडे मेन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क येथे हिवाळ्यात बर्फ पडते, खाड्या गोठतात, नौकेतल्या नळांतले पाणी गोठून नळ फुटतात. दक्षिणेकडे फ्लोरिडा आणि बहामा बेटे येथे हिवाळा आपल्या मार्गशीर्षासारखा सुखाचा. पण तेथे उन्हाळ्यात आणि शरदात चक्रीवादळे येतात. त्या वादळांचा अधिकृत हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंतचा. म्हणजे उत्तरेत थंडी येण्याआधी निघावे, तर दक्षिणेत वादळ संपलेले नसते. वादळ संपेपर्यंत थांबावे, तर उत्तरेत बोटे बधिर होतात.

ह्या पेचातून वाट काढण्याचे काम अनुभवी तांडेलाइतकेच विमा कंपनीही करते. पुष्कळशा विम्यांच्या करारात एक अट असते, ती अशी की अमुक तारखेपर्यंत, बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत, नौका अमुक अक्षांशाच्या उत्तरेलाच राहिली पाहिजे; ती खाली उतरली आणि वादळात सापडली तर भरपाई नाही, किंवा असलीच तर कमी. म्हणून ऑक्टोबरमध्ये चेसापीकच्या उपसागरात नौकांची गर्दी होते. अ‍ॅनापोलिस गावी त्याच सुमारास शिडाच्या नौकांचे मोठे प्रदर्शन भरते. ते आटोपले की डागडुजी, रसद आणि निरोप उरकून एकेक नौका दक्षिणेची वाट धरते. अशा माणसांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी म्हणतात. विम्याची ही अट आपण ध्यानात ठेवावी. तिचे काम आम्हाला पुढे पडणार आहे.

आता वाट पाहू. चेसापीकच्या तोंडाशी नॉरफोक हे बंदर आहे. तेथून दक्षिणेला जाताना केप हॅटरस हे भूशिर आडवे येते. गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण पाण्याचा प्रवाह, उत्तरेकडून येणारे थंड पाणी आणि दूरवर पसरलेले वाळूचे दांडे ह्यांमुळे त्या टापूला अटलांटिकचे स्मशान असे नाव पडले आहे. लहान नौकांना हा वळसा टाळता यावा म्हणून किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग आहे. त्याला इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. नॉरफोक हा त्याचा शून्य मैल. तेथून मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैलांचे अंतर खाड्या, नद्या, खाजणे आणि माणसाने खोदलेले कालवे जोडत जोडत कापले जाते. तासाला पाच-सहा मैल चालणारी नौका दिवसा चालते, रात्री नांगर टाकते, आणि महिनाभराने फ्लोरिडात पोहोचते.

ह्या वाटेवर शिडाच्या नौकेचे शीड बहुतेक गुंडाळलेलेच असते, ही त्यातली गंमत. पात्र अरुंद, वळणे फार, म्हणून इंजिनावर चालावे लागते. सरकारने ठरवलेली खोली फोर्ट पिअर्सपर्यंत बारा फूट आणि तेथून मायामीपर्यंत दहा फूट; पण गाळ सरकारला विचारून साचत नाही, आणि नौका वाळूत रुतणे ही रोजची बाब आहे. पक्क्या पुलांची उंची सर्वसाधारण पासष्ट फूट. ज्याची डोलकाठी त्याहून उंच, त्याने बाहेरच्या समुद्राने जावे. जेथे पूल ठेंगणे आहेत तेथे ते उघडावे लागतात. पुलावरच्या खोलीत एक माणूस बसलेला असतो. नौकेवरून त्याला रेडिओवरून हाक जाते, तो वाहने थांबवतो, पूल उचलतो, नौका जाऊ देतो, पूल खाली टाकतो. हजार मैलांत असे अनेक पूल आणि अनेक पूलवाले. प्रवासाच्या वर्णनांत सूर्यास्त फार आणि पूलवाले थोडे. परंतु आम्ही ज्या वर्गातून आलो तो पुलावरच्या खोलीत बसणाऱ्यांचा वर्ग, म्हणून आमची दृष्टी आधी तिकडे जाते.

नॉरफोकहून निघाल्यावर दोन फाटे फुटतात. एक १८५९ साली खुला झालेला कालवा. तो खोदण्यासाठी वाफेवर चालणारी यंत्रे वापरली होती. दुसरा त्याहून जुना, बावीस मैलांचा, डिस्मल स्वॅम्प, म्हणजे ‘उदास दलदल’ नावाच्या अरण्यातून जाणारा. हा कालवा खोदण्यास १७९३ साली आरंभ झाला आणि १८०५ साली तो वाहतुकीस खुला झाला. त्या देशात अजून वापरात असलेल्या खोदीव कालव्यांत तो सर्वांत जुना समजला जातो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, दोन्ही तीरांवर दाट झाडी, वारा नाही, लाट नाही. शरदात पाने रंगू लागली की ह्या कालव्यातून जाणे म्हणजे प्रवासातला अत्यंत रम्य दिवस, असे नाविक सांगतात, आणि ते खरेच असेल.

पण तो खोदला कोणी? तो खोदला गुलामांनी. आसपासच्या मळेवाल्यांकडून कालव्याची कंपनी माणसे भाड्याने घेई. अंगमेहनत माणसाची आणि मजुरी त्याच्या मालकाच्या खिशात. कंत्राटी पद्धतीवर आम्ही पुष्कळ भाषणे केली आहेत, पण तिचे इतके उघडेनागडे रूप दुसरीकडे क्वचित सापडेल. ह्या कामाची साक्ष देणारा एक माणूस इतिहासात राहून गेला. त्याचे नाव मोझेस ग्रँडी. तो ह्याच भागातल्या कॅम्डन तालुक्यात गुलाम म्हणून जन्मला, ह्याच कालव्यावर मालाच्या होड्यांचा तांडेल झाला, आणि त्याची आत्मकथा १८४३ साली लंडनला प्रसिद्ध झाली. दलदलीत कंबरभर, कधी त्याहूनही खोल चिखलात उभे राहून माणसे मुळे तोडीत आणि गाळ उपशीत. डोके पाण्याबाहेर राहील तोवर काम थांबत नसे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ह्या ग्रँडीची हकीगत सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. लग्नाला आठ महिने झाले असता त्याची बायको मालकाने परप्रांतीच्या व्यापाऱ्याला विकली. त्या काळी काही गुलामांना एक मुभा असे: मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर कमावलेले स्वतःजवळ ठेवायचे. ग्रँडीने होड्या चालवून पैसा साठवला आणि आपल्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून मालकाला ६०० डॉलर फेडले. मालकाने पैसे घेतले आणि त्याला दुसऱ्याला विकून टाकले. ग्रँडी पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या मालकालाही त्याने ६०० डॉलर फेडले. त्या गृहस्थाने त्याला आपल्या कर्जापायी गहाण टाकले होते. तिसऱ्या वेळी एका दर्यावर्दी सज्जनाने ६५० डॉलर भरून त्याला सोडवले, आणि ते पैसे ग्रँडीने फेडले. हा तिसरा मात्र शब्दाला जागला. एकंदर १,८५० डॉलर. एकाच स्वातंत्र्याची किंमत त्याने तीनदा मोजली. नंतर तो समुद्रावर खलाशी झाला आणि मिळकतीतून आपल्या माणसांना सोडवत राहिला.

बंधूंनो, ह्या हकीगतीत कामगार चळवळीचा सगळा धडा आहे. ग्रँडी आळशी नव्हता, अडाणी नव्हता, आपल्या हुन्नरात कच्चा नव्हता. तो एकटा होता, आणि त्याच्या पावतीच्या मागे कायदा नव्हता. एकट्या माणसाशी केलेला करार मोडायला मालकाला फारसे धैर्य लागत नाही.

त्याच अरण्यात दुसराही इतिहास घडला. मालकाच्या हातून निसटलेली माणसे दलदलीतल्या उंचवट्यांवर वस्ती करून पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बाहेरचे ज्या जागेला उदास म्हणत, ती त्यांना मोकळी वाटली. आज त्या वाटेने जाणारी नौका ज्या पाण्यावर तरंगते, त्या पाण्याला हे सारे ठाऊक आहे.

पुढचा प्रवास आम्ही जरा घाईने करतो. दक्षिण कॅरोलायनात वॅकमॉ नदी लागते. तिच्या काठी जुन्या भातखाचरांचे बांध अजून दिसतात. भरतीच्या जोराने नदीचे गोडे पाणी वर चढते, ते दारे उघडून खाचरांत घ्यायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे, अशी ती रचना होती. आपण कोकणात खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध घालतो. तेथे गोडे पाणी आत घेण्यासाठी घालीत. ते बांधही गुलामांच्याच हातचे, आणि भात पिकवण्याचे ज्ञान त्यांतल्या पुष्कळांनी पश्चिम आफ्रिकेतून आपल्याबरोबर आणलेले.

मग चार्ल्स्टन. ह्या बंदरात जानेवारी २००० मध्ये एक प्रसंग घडला. एका जहाज कंपनीने युनियनबाहेरची माणसे लावून माल उतरवण्यास सुरुवात केली. गोदी कामगारांची तेथील शाखा मुख्यतः काळ्या कामगारांची. त्यांनी निदर्शने केली. बंदोबस्ताला सुमारे सहाशे पोलीस आणले गेले, झटापट झाली आणि पाच कामगारांवर दंगलीचे गंभीर आरोप ठेवण्यात आले. पण ग्रँडीच्या काळात जे नव्हते ते आता होते. स्पेनमधील गोदी कामगारांनी त्या कंपनीच्या जहाजाला हात लावण्याचे नाकारले आणि कंपनी पुन्हा युनियनच्या करारावर आली. पाच जणांवरचे गंभीर आरोप नोव्हेंबर २००१ मध्ये मागे पडले; किरकोळ गुन्ह्याबद्दल प्रत्येकी शंभर डॉलर दंडावर प्रकरण मिटले. दूरच्या बंदरातल्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी काम थांबवावे, ह्याहून मोठा विमा कोणता?

फ्लोरिडात पोहोचलेल्या नौकेला दुरुस्ती लागते. उबदार पाण्यात तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव फार लवकर चिकटतात. आपल्याकडे पूर्वी गलबतांच्या बुडाला चुना आणि चरबी फाशीत. तेथे तांबेमिश्रित रंग देतात. नवा रंग देण्याआधी जुना खरवडून काढावा लागतो. त्या रंगाची आणि काचतंतूंची धूळ अंगावर आणि छातीत जाते. हे काम उन्हात, नौकेच्या पोटाखाली आडवे होऊन करायचे असते. आणि ते करणाऱ्या माणसाला इजा झाली तर? गोदी कामगारांना भरपाई देणारा मध्यवर्ती सरकारचा कायदा अमेरिकेत १९२७ सालापासून आहे, आणि त्याची भरपाई बहुतेक राज्यांच्या कायद्यांपेक्षा चढी असते. पासष्ट फुटांहून लांब अशा मौजेच्या नौकांची दुरुस्ती करणारे कामगारही पूर्वी त्या छत्राखाली येत. २००९ साली दुरुस्तीपुरती ही लांबीची मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि ज्यांना राज्याच्या कायद्याची भरपाई लागू आहे असे ते कामगार मध्यवर्ती कायद्याच्या बाहेर पडले. नौका तीच, करवत तीच, जखम तीच. फक्त नौका मौजेची, म्हणून बोटाची किंमत वेगळी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ह्या नौकांवरची सगळी माणसे धनाढ्य नसतात. काहींच्या नौका राजवाड्यासारख्या असतात, त्यांवर पगारी खलाशी असतात. पण कितीतरी जोडपी निवृत्त शिक्षक, सुतार, नर्स अशी असतात. जुनी तीस-बत्तीस फुटी नौका घेऊन ती बेताच्या पेन्शनीवर राहतात, स्वतः इंजिन दुरुस्त करतात, स्वतः शिडे शिवतात. आयुष्यभर राबलेल्या माणसाने उतारवयात उन्हाच्या मागे जावे, ह्याचा आम्हाला मत्सर नाही. उलट, असे उतारवय प्रत्येक गिरणी कामगाराला आणि माथाडीला मिळावे, ह्यासाठीच तर चळवळ आहे.

फ्लोरिडाहून बहामाला जाताना मध्ये गल्फ स्ट्रीम ओलांडावा लागतो. अंतर पन्नास मैलांच्या आसपास. प्रवाह उत्तरेकडे धावतो. त्याच्या उलट उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून माणसे बंदरात चार-आठ दिवस वाऱ्याची दिशा बदलण्याची वाट पाहत बसतात. पलीकडे पोहोचले की पाणी इतके नितळ की खाली पडलेली नांगराची सावली दिसावी. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथे शेकडो नौका मुक्कामाला असतात.

त्या बेटांचाही इतिहास सुट्टीचा नाही. जून १९४२ मध्ये नासाऊ शहरात विमानतळाच्या कामावरचे मजूर रस्त्यावर आले. त्यांना दिवसाला चार शिलिंग मिळत. अमेरिकेतून आणलेल्या कामगारांना त्याहून कितीतरी अधिक. जानेवारी १९५८ मध्ये टॅक्सीवाल्यांच्या भांडणातून सार्वत्रिक संप झाला आणि तो एकोणीस दिवस चालला. रँडॉल फॉक्स हे त्याचे एक पुढारी. संपानंतर मताधिकाराच्या सुधारणा झाल्या, १९६२ साली स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले, आणि १९७३ साली देश स्वतंत्र झाला. हॉटेलातले सामान उचलणाऱ्यांनी आणि टॅक्सीच्या चालकांनी एका देशाच्या स्वातंत्र्याचा पाया घातला.

नासाऊ हे नाव रत्नागिरी आणि रायगडच्या कित्येक घरांत माहीत आहे. तिकडे कोणी गेलेले असते असे नाही. आपला मुलगा ज्या मालवाहू जहाजावर असतो, त्याच्या मागच्या बाजूला ‘नासाऊ’ असे रंगवलेले असते. मालक एका देशाचा, माल दुसऱ्या देशाचा, खलाशी आपल्या कोकणातला, आणि निशाण बहामाचे. ह्याला सोयीचे निशाण म्हणतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून ह्या पद्धतीशी झगडतो आहे. त्या झगड्यातून आणि इतर प्रयत्नांतून २००६ साली खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ साली अमलात आला, आणि भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. पगार, विश्रांती, जेवण, परतीचे भाडे ह्यांचे किमान नियम त्यात आहेत. व्यापारी कामात नसलेल्या खाजगी नौका मात्र त्याच्या बाहेर आहेत.

आता विम्याच्या त्या अटीकडे येऊ. वादळाच्या हंगामात नौका दक्षिणेत नसावी, असे विमा कंपनी सांगते, आणि नौका निघून जाते. पण तिची देखभाल करणारा माणूस कोठे जातो? १ सप्टेंबर २०१९ रोजी डोरियन नावाचे चक्रीवादळ बहामाच्या अबाको बेटांवर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग तासाला १८५ मैल, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर. मार्श हार्बर हे तेथील मोठे गाव, नौकांचे हिवाळ्यातले आवडते ठिकाण. त्याच्या कडेला ‘मड’, म्हणजे चिखल, ह्या नावाची झोपडपट्टी होती. हैतीहून आलेले मजूर तेथे राहत. धक्क्यावरची, बांधकामाची, बागांची, घरकामाची कामे त्यांची. प्लायवूडची ती वस्ती वाऱ्याने आणि समुद्राने पुसून टाकली. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या देशात सत्तरांहून अधिक माणसे दगावली, आणि कितीतरी बेपत्ता राहिली. पुढे त्या जागी पुन्हा घरे बांधण्यास मनाई झाली, आणि काही आठवड्यांतच हैतीच्या पुष्कळांना त्यांच्या देशी परत धाडण्यात आले. नौकेला स्थलांतराची सोय होती. नौका धुणाऱ्याला नव्हती.

आणि हे दूरदेशीचे दुःख म्हणून आपण हळहळून घरी जावे, असेही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्याच किनाऱ्याजवळून गेले. हवामान खात्याने आगाऊ इशारा दिला होता. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाच्या तराफ्यावर २६१ माणसे होती. तराफा सुरक्षित ठिकाणी गेला नाही. नांगर तुटले, आणि १७ मे रोजी तो बुडाला. सत्तरांहून अधिक कामगार बुडून मेले. नौदलाने आणि तटरक्षक दलाने उसळत्या समुद्रात बाकीच्यांना वाचवले, त्यांना आमचा नमस्कार. पण एक प्रश्न उरतोच. वादळ येत आहे हे कळल्यावर ‘आम्ही निघतो’ असे म्हणण्याचा अधिकार त्या २६१ माणसांपैकी किती जणांना होता?

आजच्या व्याख्यानाचा गाभा ह्या प्रश्नात आहे. ऋतू पाहून हलणे ही जीवमात्राची सहजबुद्धी आहे. पक्षी हलतात, मासे हलतात, नौका हलतात. माणूसही हलतो. दसरा झाला की बीडकडचा ऊसतोड कामगार बिऱ्हाड गाडीवर घालून निघतो, नेमक्या त्याच दिवसांत जेव्हा तिकडे नौका निघतात. पण उचल घेऊन जो निघतो, तो सुखाच्या पाण्याकडे जात नाही आणि मनात येईल तेव्हा परतूही शकत नाही. हलणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे; केव्हा हलावे आणि केव्हा थांबावे हे स्वतः ठरवता येणे, हे स्वातंत्र्य.

धोका समोर दिसत असता काम सोडून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात नमूद आहे. २०२२ साली सुरक्षित काम हा कामगाराच्या मूलभूत हक्कांपैकी एक मानला गेला. कागदावर इतके आले आहे. कागदावरचे धक्क्यावर आणणे हे आपले काम. आमची मागणी साधी आहे. वादळाचा इशारा आला म्हणजे होडी वर ओढण्याचा खर्च जसा हिशेबात धरला जातो, तसा कामगाराच्या त्या दिवसांचा पगारही धरला जावा. तराफा हलवायचा की नाही, ह्या निर्णयात तराफ्यावरच्या माणसांचा आवाज असावा. आणि जो हंगामापुरता कामाला येतो, तोही पुऱ्या माणसाइतकाच माणूस मानला जावा.

पुढच्या ऑक्टोबरात त्या नौका पुन्हा दक्षिणेला निघतील. उदास दलदलीतल्या तपकिरी पाण्यातून त्या सुखरूप जावोत, अशीच आमची इच्छा आहे. त्यांच्या तांडेलांना अनुकूल वारा मिळो; आणि तो कालवा ज्यांनी खोदला, जे पूल उचलतात, जे नौकांचे बूड घासतात, त्यांनाही वादळाआधी निघून जाण्याची मोकळी वाट मिळो. ती वाट कोणी खोदून ठेवलेली नाही. ती आपल्यालाच, एकत्र येऊन, खोदायची आहे.